पडद्यावर गिचमिड दिसली म्हणजे खाते बिघडले काय?



गेल्या गळीत हंगामात आपल्या शेअर विभागात घडलेला एक प्रसंग प्रथम सांगतो. एक वयस्कर सभासद थोरल्या बंधूंच्या निधनानंतर वारस नोंदीसाठी आले होते. बंधूंच्या ऊसबिलांतून वेळोवेळी कपात झालेली परतीची ठेव किती जमा आहे, हे त्यांना पाहावयाचे होते. ही खाती फार जुन्या हंगामांची. ती नव्या संगणकावर नाहीत, जुन्या युनिक्स संगणकात आहेत. कारकुनाने आपल्या टेबलावरील नव्या संगणकातून जुन्याला जोड दिली व खाते उघडले.

तक्ता आला, पण त्याला रेघा नव्हत्या. आडव्या रेघेच्या जागी डोक्यावर दोन टिंबे असलेल्या इंग्रजी ए अक्षराची लांबलचक रांग. उभ्या रेघेच्या जागी प्रत्येक आकड्याला चिकटून इंग्रजीतला एक बारीक तीन. ठेवीच्या रकान्यात २१४० होते, आणि त्याला लागून हा तीन. सभासदांनी चष्मा पुसून पुन्हा वाचले.

"साहेब, इथं तर एकवीस हजार चारशे तीन दिसतंय. तुम्ही दोन हजार एकशे चाळीस कसं म्हणता?"

"तात्या, तो तीन रकमेतला नाही. ती रेघ आहे."

"अहो, रेघ कशी तीन होईल?"

प्रश्न रास्त होता. कारकुनाला उत्तर देता आले नाही. दोन दिवसांनी रेकॉर्डमधून कागदी खतावणी काढली, तीत २१४० च निघाले आणि तात्यांचे समाधान झाले. पण मधल्या दोन दिवसांत गावात बोलणे झाले ते झालेच, की कारखान्याने एकोणीस हजार खाल्ले. कोणी म्हणाले, जुन्या कॉम्प्युटरमधली सगळी खाती सडली. या दोन्हींत तथ्य नव्हते. मग रेघेचा तीन का झाला, आणि असे काही पडद्यावर दिसले तर काय करावे व काय करू नये, हे सर्वांना समजावे म्हणून हा लेख आहे.

टर्मिनल म्हणजे काय?

जुना संगणक एकच असे, आणि त्यावर काम करणारे दहा-वीस जण असत. प्रत्येकापुढे एक पडदा आणि एक कळफलक. यालाच टर्मिनल म्हणत. टर्मिनलमध्ये खाते नसते, हिशेब नसतो. तुम्ही दाबलेले अक्षर तारेतून मोठ्या संगणकाकडे पाठवायचे आणि तिकडून आलेले अक्षर पडद्यावर उमटवायचे, एवढेच त्याचे काम.

पडद्याच्या आधी टेलिप्रिंटर होते, तार ऑफिसात असत तसली कागदावर टकटक छापणारी यंत्रे. युनिक्समध्ये टर्मिनलला आजही 'टीटीवाय' म्हणतात, ते टेलिटाइप या नावावरूनच. पुढे पडदा आला आणि नवी गरज निर्माण झाली. कागदावर अक्षर एकापुढे एक पडते. पडद्यावर मात्र 'सगळे पूस', 'पाचव्या ओळीत जा', 'हे ठळक दाखव' असे हुकूम द्यावे लागतात. हे हुकूमही अक्षरांच्याच तारेतून जातात. म्हणून त्यांच्या आधी एक खुणेचे अक्षर पाठवतात. त्याचे नाव एस्केप, क्रमांक २७. एस्केप आले की टर्मिनलने समजायचे, पुढची अक्षरे छापायची नाहीत, हुकूम म्हणून पाळायची आहेत.

येथपर्यंत ठीक. घोटाळा असा, की प्रत्येक बनावटीच्या टर्मिनलचे हुकूम निराळे होते. अमेरिकेतील डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन या कंपनीचे व्हीटी ५२ हे टर्मिनल १९७५ साली आले, त्याचे हुकूम एक प्रकारचे. त्याच कंपनीचे व्हीटी १०० हे १९७८ साली आले, त्याचे हुकूम अमेरिकन मानक संस्थेच्या पद्धतीचे, आणि पुढे तेच बहुतेकांनी उचलले. वाइज कंपनीच्या टर्मिनलची आणखी तिसरी तऱ्हा. आय.बी.एम.च्या मोठ्या संगणकांचे ३२७० हे १९७१ चे टर्मिनल तर कामाची रीतच वेगळी ठेवून होते. त्यात पूर्ण फॉर्म भरून मगच तो एकदम पाठवायचा.

आता ती जाडजूड टर्मिनले बहुतेक ठिकाणी भंगारात गेली. त्यांच्या जागी साध्या संगणकावर एक प्रोग्राम चालवतात, तो टर्मिनलचे सोंग घेतो. याला टर्मिनल एम्युलेशन म्हणतात. सायमन टॅथम यांनी लिहिलेला आणि १९९९ पासून फुकट मिळणारा 'पुट्टी' हा त्यांपैकी फार वापरातला. सोंग कोणाचे घ्यायचे हे त्याला सांगावे लागते. जुना संगणक समजतो, समोर वाइज आहे. आणि सोंग घेतलेले असते व्हीटी १०० चे. मग गिचमिड होणारच.

आपल्या भाषेत सांगायचे तर, काट्यावरचा माणूस वजन क्विंटलमध्ये ओरडून सांगतो आणि लिहिणारा ते टन समजून लिहितो. काटा चुकला नाही, गाडीतला ऊस कमी-जास्त झाला नाही. लिहिणाऱ्याचा कागद तेवढा चुकला. पडद्याचेही तसेच. जुन्या संगणकातील खाते जागेवर असते, दाखवणाऱ्याची समजूत चुकलेली असते.

रेघेचा तीन कसा झाला?

संगणकात प्रत्येक अक्षराला क्रमांक असतो. १९८१ साली आलेल्या आय.बी.एम.च्या पी.सी.मध्ये १७९ हा क्रमांक उभ्या रेघेला आणि १९६ हा आडव्या रेघेला दिलेला होता. त्या अक्षरसंचाला कोड पेज ४३७ म्हणतात. त्या काळच्या पुष्कळ प्रोग्रामांनी तक्ते याच क्रमांकांनी आखले. पश्चिम युरोपच्या भाषांसाठी ठरलेल्या अक्षरसंचात मात्र १७९ म्हणजे वर उचललेला बारीक तीन, आणि १९६ म्हणजे टिंबांचा ए. जुन्या संगणकाने १७९ पाठवले, म्हणजे 'रेघ मार' म्हटले. नव्याने आपला तक्ता पाहून तीन काढला. तात्यांचे एकवीस हजार इथून आले.

उपाय दोन मिनिटांचा होता. पुट्टीच्या 'ट्रान्सलेशन' या पानावर अक्षरसंच कोड पेज ४३७ करायचा. तसे केल्यावर तीन गेले, रेघा आल्या.

दुसऱ्या प्रकारची टर्मिनले रेघा वेगळ्या तऱ्हेने मारतात. व्हीटी १०० ला आधी 'आता रेघांचा संच घे' असा हुकूम जातो आणि मग साधीच इंग्रजी अक्षरे जातात. क्यू म्हणजे आडवी रेघ, एक्स म्हणजे उभी रेघ, एल, के, एम, जे म्हणजे चार कोपरे. हुकूम कळला नाही तर तक्त्याभोवती क्यू क्यू क्यू अशी रांग आणि बाजूंना एक्स दिसतात. हे दिसले तर रेघांच्या हुकुमात गफलत आहे एवढेच समजावे.

मराठी अक्षरांचेही असेच. युनिकोड येण्यापूर्वी भारतीय लिप्यांसाठी इस्की नावाचे मानक होते, त्याची १९९१ ची आवृत्ती भारतीय मानक १३१९४ म्हणून प्रसिद्ध आहे. त्यात मराठी अक्षरे १२८ च्या वरच्या क्रमांकांत बसवलेली. तार जर सातच बिटांची ठेवली तर वरचा आठवा बिट गळतो आणि सभासदाचे नाव इंग्रजी अक्षरांची खिचडी होऊन येते. तार आठ बिटांची असली तरी, समोरचा प्रोग्राम इस्की जाणणारा नसेल तर दुसरीच चिन्हे दिसतात. नाव पुसले गेलेले नसते.

दिसते काय, त्यावरून दुखणे ओळखावे

पिकाच्या पानावरून रोग ओळखतात तसे इथेही आहे.

१) लॉगिन येण्याआधीच सगळी अक्षरे कचरा दिसतात. हा वेगाचा दोष. जुन्या तारेच्या जोडणीत दोन्ही टोकांचा वेग सारखा लागतो, बहुधा सेकंदाला ९६०० बिट. एका अक्षराला साधारण दहा बिट लागतात, म्हणजे सेकंदाला ९६० अक्षरे. २४ ओळी आणि ८० रकाने असा पूर्ण पडदा १९२० अक्षरांचा, तो भरायला दोन सेकंद. एक टोक ९६०० वर आणि दुसरे १२०० वर असेल तर अर्थबोध होणार नाही. काही अक्षरे बरोबर आणि काही विचित्र दिसत असतील तर वेग ठीक आहे, पॅरिटी चुकली आहे. एकीकडे सात बिट व सम पॅरिटी, दुसरीकडे आठ बिट व पॅरिटी नाही, असे झालेले असते.

२) लॉगिन होते, पण पुढे चौकटी कंस, आकडे आणि एच, जे, एम ही अक्षरे जागोजाग सांडलेली दिसतात. हे ते न पाळलेले हुकूम. येथे टर्मिनलचे नाव चुकले आहे. युनिक्समध्ये हे नाव 'टर्म' या नावाच्या नोंदीत असते. प्रत्येक टर्मिनलचे हुकूम कोणते, याची यादी बिल जॉय यांनी १९७८ च्या सुमारास 'टर्मकॅप' या फाइलच्या रूपाने केली, पुढे 'टर्मइन्फो' आले. पुट्टी आपले नाव 'एक्सटर्म' असे सांगते. काही नवे प्रोग्राम 'एक्सटर्म २५६ कलर' सांगतात. जुन्या यंत्राच्या यादीत ही नावे नसली तर ते 'हे टर्मिनल मला ठाऊक नाही' असे कळवते किंवा काहीतरी गृहीत धरून चालते. नाव 'व्हीटी १००' केले की बहुतेक वेळा भागते. मात्र नाव आणि सोंग दोन्ही बदलून जुळवावीत. एकच बदलले तर दुखणे हलते, जात नाही.

३) सगळी अक्षरे कॅपिटल येतात आणि मध्येच तिरप्या रेघा दिसतात. कारकुनाने कॅप्स लॉक चालू ठेवून लॉगिन नाव टाकले. जुन्या युनिक्सला वाटते, की समोरच्या बिचाऱ्या टेलिप्रिंटरला लहान अक्षरेच नाहीत, म्हणून ते सगळेच मोठ्यात देऊ लागते. बाहेर पडून लहान अक्षरांत पुन्हा लॉगिन करावे.

४) पासवर्ड बरोबर असून नाकारला जातो. चुकलेले अक्षर खोडायला आपण बॅकस्पेस दाबतो. काही यंत्रांना त्यासाठी क्रमांक ८ लागतो, काहींना १२७. चुकीचा गेला तर अक्षर खोडले जात नाही, उलट पासवर्डात एक अदृश्य अक्षर वाढते. आणखी एक. फार जुन्या युनिक्समध्ये लॉगिनच्या वेळी हॅश हे चिन्ह अक्षर खोडणारे आणि ॲट हे चिन्ह पूर्ण ओळ खोडणारे होते. आजच्या सवयीने पासवर्डात ॲट घातला तर त्याच्या आधीचे सगळे पुसले जाते.

५) पडदा गोठतो, काही केल्या हलत नाही. हे दुखणे तरुण कारकुनांचे. नव्या संगणकावर कंट्रोल आणि एस दाबून काम साठवायची त्यांना सवय. जुन्या टर्मिनलवर त्याचा अर्थ 'पाणी बंद कर' असा आहे. मोटरवरचा माणूस हाक ऐकून मोटर बंद करतो आणि दुसऱ्या हाकेची वाट पाहत बसतो. ती दुसरी हाक म्हणजे कंट्रोल आणि क्यू. ते दाबले की अडलेले सगळे भळाभळा येते. यंत्र बंद पडले असे समजून वीज तोडू नये.

६) ओळी जिन्याच्या पायऱ्यांसारख्या उजवीकडे उतरत जातात, किंवा टाइप केलेले दिसतच नाही. एखादा प्रोग्राम मध्येच कोसळला आणि जाताना दारे होती तशी लावून गेला नाही. जाणकाराने 'एसटीटीवाय सेन' हा हुकूम द्यावा. एंटर लागू पडत नसेल तर त्याऐवजी कंट्रोल आणि जे दाबावे.

७) खालची ओळ दिसत नाही, किंवा तक्ता एक ओळ वर सरकतो. प्रोग्राम २५ ओळींचा आहे आणि खिडकी २४ ओळींची ठेवली आहे. ही गोष्ट किरकोळ वाटते, पण आपल्या खात्यात 'एकूण' ही ओळ नेमकी तळाशीच असते, हे ध्यानात ठेवावे.

खरा धोका कोठे आहे?

वर सांगितलेल्या बहुतेक दुखण्यांत नुसते पाहण्याने खात्याला इजा होत नाही. दिसणे चुकते, असणे चुकत नाही. पण कळफलकाकडून जाणारी वाट चुकली तर मात्र खात्यात खरोखर घाण जाऊ शकते. ती कशी, हे नीट वाचावे.

वर जाण्याची बाणाची कळ एक असली तरी ती तीन अक्षरे पाठवते. एस्केप, चौकटी कंस आणि ए. व्हीटी १०० ची दुसरी एक अवस्था आहे, तीत चौकटी कंसाऐवजी इंग्रजी ओ जातो. प्रोग्रामला एक हवे आणि दुसरे आले, तर तो एस्केप वेगळे काढतो आणि उरलेली दोन अक्षरे तुम्हीच टाइप केली असे समजून चालू रकान्यात घालतो. म्हणजे आपण वरच्या ओळीत जायला बाण दाबला, आणि सभासदाच्या नावाच्या शेपटीला 'ओए' चिकटले. पुष्कळ प्रोग्रामांत एस्केप म्हणजे 'रद्द' असते, तेव्हा अर्धी भरलेली नोंदही जाते. वरच्या ओळीतल्या एफ कळांचे तर आणखीच अवघड. व्हीटी १०० ला खास कळा चारच होत्या. आजच्या कळफलकावरील बाराजणी कोणता संकेत पाठवतील हे सोंगावर अवलंबून असते. 'मागे जा' समजून दाबलेली कळ तिकडे दुसराच हुकूम होऊन पोहोचू शकते.

छपाईचेही असेच एक प्रकरण आहे. पूर्वी पावतीचा प्रिंटर टर्मिनललाच पाठीमागे जोडलेला असे. मोठा संगणक 'येथून पुढचे प्रिंटरकडे सोड' असा हुकूम देई आणि शेवटी 'आता पुन्हा पडद्यावर' म्हणे. नव्या प्रोग्रामला प्रिंटर दाखवून दिलेला नसेल तर पावती निघत नाही. कारकुनास वाटते नोंद झाली नाही, तो पुन्हा नोंद करतो. पावती निघाली नाही म्हणजे नोंद झाली नाही असे नव्हे. आधी खाते उघडून पाहावे, मगच दुसऱ्यांदा हात लावावा.

म्हणून नियम एकच. पडदा विचित्र दिसत असताना कोणतीही नोंद करू नये, दुरुस्ती करू नये, चाचपडत कळा दाबू नयेत. आधी बाहेर पडावे, टर्मिनल जुळवावे, मग काम करावे. रात्री दारे धरताना बॅटरी बंद पडली तर आपण अंदाजाने बांध फोडत नाही, तसेच हे.

सभासदांनी काय करावे?

पहिले, पडद्यावरचा आकडा शंकास्पद वाटला तर तेथेच विचारावे. तात्यांनी विचारले म्हणून चूक उघडी पडली. विचारणारा सभासद अडाणी नव्हे.

दुसरे, सबब ऐकून परत जाऊ नये. खाते क्रमांक, हंगाम आणि शंका असलेला रकाना लिहून द्यावा. जमल्यास त्या पडद्याचा मोबाइलवर फोटो काढून ठेवावा. कोणती अक्षरे कोठे सांडली आहेत हे पाहून जाणकाराला दुखणे लवकर ओळखता येते. 'कायतरी वेडंवाकडं दिसत होतं' एवढ्यावरून ओळखता येत नाही.

तिसरे, रकमेचा वाद असेल तर पडदा हा पुरावा धरू नये. कागदी खतावणी, ऊसबिलाची जुनी पावती आणि शेअर दाखला यांच्याशी ताळा घ्यावा. घरात वडिलांच्या पेटीत जुन्या पावत्या असतील तर त्या जपून ठेवाव्यात. रेघेचा तीन होतो, पण पावतीवरचा आकडा तसाच राहतो.

कार्यालयातील सेवकांसाठीही एक सूचना आहे. जुन्या यंत्राला जोडणाऱ्या प्रत्येक संगणकाजवळ एक कागद चिकटवावा. त्यावर टर्मिनलचे नाव, अक्षरसंच, ओळी व रकाने, बॅकस्पेसचा क्रमांक आणि प्रिंटर कोठे जोडला आहे, हे लिहावे. ज्या माणसाला हे पाठ होते तो निवृत्त झाला की कागदच कामाला येतो. जुनी खाती नव्या संगणकावर उतरवताना अक्षरसंच आधी तपासावा. नाहीतर आज पडद्यावर दिसलेला तीन उद्या नव्या खात्यात खरोखरच लिहिला जाईल, आणि मग तात्यांना समजावायला आपल्याकडे खतावणीखेरीज काहीही उरणार नाही.

तात्यांची वारस नोंद पूर्ण झाली असून ठेव २१४० रुपये अशीच वर्ग झाली आहे. इतर सभासदांनीही जुन्या खात्यांची खात्री गर्दी नसताना, म्हणजे हंगाम सुरू होण्यापूर्वी, करून घ्यावी व शेअर विभागास सहकार्य करावे, ही विनंती.